ओपिऑइड वेदनाशामक पट्टी : दुष्परिणाम, धोक्याची लक्षणे आणि घरी घ्यायची काळजी

कर्करोगाच्या किंवा दीर्घकाळच्या तीव्र वेदनेसाठी डॉक्टर कधीकधी त्वचेवर चिकटवायची पट्टी देतात. रुग्ण आणि नातेवाईक तिला 'दुखण्याची पट्टी' किंवा 'पॅच' म्हणतात. गोळी गिळावी लागत नाही, सुई टोचावी लागत नाही आणि एकदा लावली की तीन किंवा सात दिवस बघावे लागत नाही. त्यामुळे ती सोपी वाटते. दिसायलाही ती मेडिकल दुकानात मिळणाऱ्या कंबरदुखीच्या साध्या पट्टीसारखीच असते. खरा धोका इथेच आहे. या पट्टीत मॉर्फिनच्या वर्गातले तीव्र औषध असते. ते दुखऱ्या जागेपुरते न राहता रक्तात उतरते आणि मेंदूवर काम करते.

ढोकी, तेर, येडशी, कळंब या पट्ट्यातले बहुतेक रुग्ण ही पट्टी बार्शी, सोलापूर, लातूर किंवा पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातून घेऊन येतात. तिथे सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी दोन लक्षात राहतात, बाकीच्या प्रवासात विसरतात. पट्टी मात्र घरी लावायची असते आणि तिचे दुष्परिणामही घरीच दिसतात. म्हणून रुग्णाची सेवा करणाऱ्या व्यक्तीने हा लेख पूर्ण वाचावा.

या पट्टीत काय असते?

आपल्याकडे प्रामुख्याने दोन औषधांच्या पट्ट्या वापरल्या जातात.

* फेंटानिल : ही पट्टी दर ७२ तासांनी, म्हणजे तीन दिवसांनी बदलतात. हे औषध मॉर्फिनपेक्षा साधारण ५० ते १०० पट प्रभावी आहे. म्हणून त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये न मोजता मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. पट्टीवर लिहिलेला १२, २५, ५० हा आकडा म्हणजे दर तासाला शरीरात जाणारे मायक्रोग्रॅम.
* ब्युप्रेनॉर्फिन : ही पट्टी साधारणपणे सात दिवसांनी बदलतात. ५, १० आणि २० मायक्रोग्रॅम प्रति तास अशा तिच्या मात्रा असतात.

औषध पट्टीतून त्वचेत, त्वचेखालच्या थरात आणि तिथून सावकाश रक्तात जाते. यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली फेंटानिल पट्टी लावल्यावर पूर्ण परिणाम दिसायला १२ ते २४ तास लागतात. ब्युप्रेनॉर्फिनच्या पट्टीला तर तीन दिवसांपर्यंत लागू शकतात. 'दोन तास झाले, अजून दुखतेच आहे' म्हणून दुसरी पट्टी शेजारी चिकटवू नये. तसेच पट्टी काढली तरी त्वचेखाली साठलेले औषध पुढचे दिवसभर, कधी त्याहून अधिक काळ, रक्तात येत राहते. म्हणजे त्रास झाल्यावर पट्टी काढणे आवश्यक असले तरी तेवढ्याने धोका लगेच टळत नाही.

कोणाला देतात आणि कोणाला देत नाहीत?

तोंडाचा, घशाचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग झालेल्या रुग्णाला गोळ्या गिळता येत नाहीत. काहींना सतत उलट्या होतात. अशा वेळी वेदना एकसारखी असेल आणि मात्रा ठरलेली असेल, तर पट्टी फार उपयोगी पडते.

फेंटानिलची पट्टी मात्र शरीराला ओपिऑइड औषधांची आधीपासून सवय असलेल्या रुग्णासाठीच आहे. २५ मायक्रोग्रॅमची एक पट्टी ही दिवसाला तोंडावाटे साधारण ६० ते ९० मिलिग्रॅम मॉर्फिन घेण्यासारखी असते. ज्याने असे औषध कधीच घेतलेले नाही, त्याचा श्वास एवढ्या मात्रेने बंद पडू शकतो. म्हणून घरातल्या रुग्णाची उरलेली पट्टी गुडघेदुखीसाठी आजीला, पाठ धरली म्हणून भावाला किंवा शेजाऱ्याला कधीही देऊ नका.

अचानक उठणारी कळ, दातदुखी, मोडलेले हाड किंवा शस्त्रक्रियेनंतरचे काही दिवसांचे दुखणे यांसाठी ही पट्टी नाही. संधिवात आणि जुनाट कंबरदुखी यांत ओपिऑइड औषधांचा दीर्घकाळ फायदा होतो याचा पुरावा कमकुवत आहे. तिथे व्यायाम, वजन, फिजिओथेरपी आणि इतर औषधे आधी येतात. काही निवडक रुग्णांना वेदनातज्ज्ञ कमी मात्रेची ब्युप्रेनॉर्फिन पट्टी देतात, तीही ठरावीक काळाने तपासून.

नेहमी दिसणारे दुष्परिणाम

*बद्धकोष्ठता.* हा सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित त्रास आहे. मळमळ किंवा गुंगीला शरीर काही दिवसांत सरावते, बद्धकोष्ठतेला सरावत नाही. पट्टी असेपर्यंत ती राहते. म्हणून पोट साफ होण्याचे औषध पट्टीबरोबर पहिल्या दिवसापासून सुरू करतात. सोनामुखी, बिसाकोडिल किंवा लॅक्टुलोज यांपैकी काय घ्यायचे ते डॉक्टर ठरवतील. नुसत्या इसबगोलावर राहू नका. आतड्याची हालचालच मंदावलेली असते, त्यात पाणी कमी प्यायले तर इसबगोलाने कोंडी वाढते. तीन दिवस शौच झाले नाही, पोट फुगले किंवा उलट्या सुरू झाल्या तर दाखवा. एक फसवे लक्षणही माहीत असावे. घट्ट मळ अडकला की त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपते. घरच्यांना जुलाब लागले असे वाटते आणि पोट साफ होण्याचे औषध बंद केले जाते. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.

*मळमळ आणि उलटी.* पहिल्या आठवड्यात जास्त असते, मग बहुतेकांची कमी होते. थोडे थोडे खावे. सुरुवातीचे काही दिवस मळमळीची गोळी लागू शकते.

*गुंगी, चक्कर.* पट्टी सुरू केल्यावर आणि मात्रा वाढवल्यावर काही दिवस राहते. या काळात मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नये, विहिरीच्या काठावर किंवा कडबाकुट्टी यंत्राजवळ काम करू नये. वयस्कर माणसाला रात्री लघवीला एकटे उठू देऊ नका. पडून खुब्याचे हाड मोडले तर मूळ आजारापेक्षा तेच भारी पडते.

*तोंड कोरडे पडणे, घाम, अंगाला खाज.* तोंडासाठी वारंवार घोटभर पाणी घ्यावे आणि चूळ भरावी. पट्टी लावल्यावर येणारी सर्वांगाची खाज बहुधा ॲलर्जी नसते, ती औषधाचाच परिणाम असते. पुरळ, चेहऱ्यावर सूज किंवा धाप असेल तर मात्र लगेच दाखवा.

*पट्टीखालची त्वचा लाल होणे.* थोडी लाली एक-दोन दिवसांत जाते. प्रत्येक वेळी जागा बदलावी. ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी तर त्याच जागी निदान तीन आठवडे पुन्हा लावू नये. फोड आले, कातडी सोलली किंवा पाणी सुटले तर पट्टी चालू ठेवायची की नाही हे डॉक्टरांना विचारा.

*लघवी अडणे.* प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांत हे जास्त दिसते. ओटीपोट ताठरले आणि लघवी होत नसेल तर वाट पाहू नका.

*बडबड, भास, गोंधळ.* म्हाताऱ्या माणसाला नसलेली माणसे दिसू लागली, दिवस-रात्रीचे भान गेले, तर 'वयोमानाने होते' किंवा 'बाहेरचे काही लागले' म्हणून सोडून देऊ नका. मात्रा जास्त झाली असेल, अंगात पाणी कमी असेल, मूत्रपिंड थकले असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल. ही सगळी कारणे तपासून सापडतात.

अनेक महिने वापर झाल्यास कामेच्छा कमी होणे, पाळी अनियमित होणे, थकवा असेही परिणाम दिसतात. रुग्ण संकोचाने बोलत नाहीत. त्यावरही उपाय असतात, म्हणून सांगावे.

उष्णता : आपल्या भागात विशेष लक्ष देण्याची गोष्ट

त्वचा गरम झाली की तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि पट्टीतले औषध ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने शरीरात जाते. अंगात ४० अंश सेल्सिअस ताप असेल, तर फेंटानिलचे रक्तातले प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकते. पट्टी तीच, मात्रा मात्र वाढलेली, आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्याकडे दुखऱ्या जागी शेक देणे हा पहिला घरगुती उपाय. मिठाची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, हिवाळ्यात शेकोटी. पट्टी असलेल्या भागावर यातले काहीही नको. बंबातले कढत पाणी पट्टीवर ओतू नका, कोमट पाण्याने अंघोळ चालते. पट्टीवर बाम, तेल चोळू नका. धाराशिव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात दुपारी त्याहून जास्त तापते. अशा वेळी रुग्णाला सावलीत, हवेशीर जागी ठेवा आणि पाणी देत राहा. पट्टीवर थेट ऊन पडू देऊ नका.

ताप आला तर पॅरासिटामॉल द्या, कोमट पाण्याने अंग पुसा, डॉक्टरांना कळवा आणि त्या दिवशी रुग्णाच्या झोपेवर व श्वासावर नेहमीपेक्षा जास्त लक्ष ठेवा.

सर्वांत गंभीर दुष्परिणाम : श्वास मंदावणे

ओपिऑइड जास्त झाले की मेंदूतले श्वासाचे केंद्र सुस्तावते. रुग्ण तडफडत नाही, ओरडत नाही, शांत झोपल्यासारखा दिसतो. 'आज किती दिवसांनी गाढ झोप लागली' म्हणून घरचे उठवतही नाहीत. म्हणून पुढची लक्षणे पाठ करून ठेवा.

* हाक मारून, हलवूनही नीट जाग न येणे
* मिनिटाला १० पेक्षा कमी श्वास, किंवा श्वासात लांब खंड पडणे
* घोरल्यासारखा, घुरघुर आवाज
* ओठ, नखे निळसर किंवा काळपट होणे, अंग गार पडणे
* डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे

बाहुल्या बारीक होणे हे एकटे लक्षण पट्टी लावलेल्या रुग्णात नेहमीच दिसू शकते. त्याबरोबर जाग न येणे किंवा श्वास मंद असणे असेल तर मात्रा जास्त झाली आहे असे समजा.

अशा वेळी क्रमाने करायच्या गोष्टी :

१. अंगावरच्या सगळ्या पट्ट्या काढा. पाठ, दंड, छाती नीट पाहा, जुनी एखादी तशीच राहिलेली असते. ती जागा साध्या पाण्याने पुसा.
२. १०८ वर फोन करा. 'फेंटानिलची पट्टी' किंवा 'ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी' असे औषधाचे नाव सांगा. नुसते 'बेशुद्ध आहे' म्हणू नका.
३. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. हाका मारत राहा. तोंडात पाणी, चहा, लिंबूपाणी काही घालू नका.
४. श्वास थांबला असेल तर १०८ वरून फोनवर सांगतील त्याप्रमाणे छाती दाबणे आणि कृत्रिम श्वास सुरू करा.
५. पट्टीचे पाकीट आणि सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्या.

रुग्णालयात नॅलोक्सोन नावाचे उताऱ्याचे इंजेक्शन असते. त्याचा परिणाम थोडा वेळ टिकतो, त्वचेखालचे औषध मात्र तासन्‌तास येत राहते. म्हणून रुग्ण शुद्धीवर आला तरी डॉक्टर निदान २४ तास देखरेखीखाली ठेवायला सांगतात. 'आता बरा झाला' म्हणून घरी नेण्याचा आग्रह धरू नका.

कर्करोगाच्या अगदी अखेरच्या दिवसांत श्वास मंदावणे हा आजाराचाही भाग असतो. अशा रुग्णाबाबत काय करायचे, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी शांतपणे आधीच बोलून ठेवावे.

कोणत्या गोष्टींबरोबर धोका वाढतो?

दारू आणि ही पट्टी एकत्र चालत नाही, थोडीसुद्धा नाही. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, जसे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, यांनी श्वास आणखी मंदावतो. नसांच्या दुखण्यासाठीचे प्रीगाबालिन व गॅबापेंटिन, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल आणि गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या यांबाबतही विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. यांतली काही औषधे तज्ज्ञ मुद्दाम एकत्र देतात, पण मात्रा मोजून.

क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके आणि इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची औषधे फेंटानिलचे रक्तातले प्रमाण वाढवतात. नायट्यासाठी इट्राकोनाझोल अगदी सहज लिहिले जाते, म्हणून हे विशेष सांगतो. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन आणि फिटांवरचे फेनिटॉइन, कार्बामाझेपिन याच्या उलट पट्टीचा परिणाम कमी करतात. ही औषधे मध्येच बंद झाली तर पट्टीचा परिणाम एकदम वाढू शकतो.

सर्दी-तापासाठी कोणाही डॉक्टरकडे गेलात तरी पहिले वाक्य 'पेशंटला वेदनेची पट्टी लावलेली आहे' हे असावे. पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. शस्त्रक्रिया किंवा एमआरआय असेल तेव्हाही हे सांगा, कारण काही पट्ट्यांच्या पाठीला धातूचा थर असतो.

लहान मुले आणि वापरलेली पट्टी

तीन दिवसांनी काढलेली पट्टी रिकामी नसते. तिच्यात बरेच औषध शिल्लक राहते आणि मुलाच्या जिवाला ते पुरेसे असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, १९९७ पासून मुलांच्या अंगाला किंवा तोंडात चुकून फेंटानिल पट्टी गेल्याच्या २६ घटनांची नोंद झाली होती. त्यांत १० मुले दगावली. २६ पैकी १६ मुले दोन वर्षांची किंवा त्याहून लहान होती. कुठे मुलाने कचऱ्यातली पट्टी तोंडात घातली, तर कुठे मोठ्या माणसाची सुटलेली पट्टी मुलाच्या अंगाला चिकटली.

आपल्याकडे कचरा उकिरड्यावर जातो, जिथे मुले खेळतात, शेळ्या-कुत्री फिरतात. म्हणून :

* पट्टी काढल्याबरोबर चिकट बाजू आत येईल अशी दुमडून घट्ट चिकटवा.
* घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक बरणीत टाका, बरणी कुलपात ठेवा आणि पुढच्या भेटीत रुग्णालयात परत द्या. ते शक्यच नसेल तर दुमडलेली पट्टी संडासात टाकून भरपूर पाणी ओता.
* नव्या पट्ट्याही कुलपात ठेवा. फळीवर किंवा उशाखाली नको.
* नातवंडांसमोर पट्टी बदलू नका. मुलाला 'स्टिकर' हवेहवेसे वाटते.
* मूल रुग्णाजवळ झोपत असेल तर पट्टी जागेवर आहे ना, हे सकाळ-संध्याकाळ पाहा.

मुलाच्या अंगाला पट्टी चिकटली किंवा तोंडात गेली तर लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

पट्टी लावताना

छाती, पाठ किंवा दंडाचा सपाट, जखम नसलेला, केस कमी असलेला भाग निवडा. केस कात्रीने कापा, वस्तरा फिरवू नका. साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडे करा. साबण, तेल, पावडर नको. आधी जुनी पट्टी काढा, मग नवी वेगळ्या जागी लावून तळव्याने ३० सेकंद दाबा. नंतर हात पाण्याने धुवा. रुग्ण गोंधळलेला असेल तर हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी, पाठीच्या वरच्या भागात लावा. लावल्याची तारीख व वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पट्टी कापून अर्धी करू नका. फाटलेली पट्टी वापरू नका.

'याची नशा लागेल का?'

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो आणि या भीतीने पट्टी काढून ठेवली जाते. दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. काही आठवड्यांनी शरीर औषधाला सरावते. मग ते एकदम बंद केले तर घाम, जांभया, नाक गळणे, अंगावर काटा, जुलाब, बेचैनी होते. हे शारीरिक अवलंबित्व आहे आणि ते कोणातही होऊ शकते. व्यसन म्हणजे वेदना नसतानाही, नुकसान होत असतानाही औषधाची ओढ लागणे. कर्करोगाच्या वेदनेसाठी देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांत ते फार कमी दिसते. पूर्वी दारूचे किंवा इतर व्यसन असेल तर धोका वाढतो. ते डॉक्टरांपासून लपवू नका. त्यावरून कोणी उपचार नाकारत नाही, फक्त जास्त लक्ष ठेवतात.

म्हणून पट्टी मनाने बंद करू नका आणि मनाने वाढवूही नका. कमी करायची तर टप्प्याटप्प्याने. मात्रा वाढवूनही वेदना वाढतच असेल तर ते लगेच कळवा. आजार पुढे गेलेला असू शकतो, किंवा क्वचित औषधामुळेच वेदनेची संवेदना वाढलेली असू शकते.

पट्टी मिळवण्याबद्दल

फेंटानिल हे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या औषधांसाठी 'अत्यावश्यक' असा वेगळा गट झाला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणे सोपे झाले. तरीही ती गावातल्या दुकानात मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णांना बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय परिचयाचे आहे. याच जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे रुग्णालय यांनी गर्भाशयमुख कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास केला, ज्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. कर्करोग इथे नवा नाही, तशी त्याची वेदनाही नवी नाही. ती सोसत राहावी असे मात्र काही नाही.

शेवटची पट्टी लावायची वेळ येईपर्यंत थांबू नका. हातात दोन पट्ट्या उरल्या की पुढची सोय करा. रुग्णाला प्रवास झेपत नसेल तर नातेवाइकांनी कोणती कागदपत्रे आणायची, हे आधीच विचारून ठेवा.

थोडक्यात

पट्टी नीट वापरली तर न झोपलेला माणूस झोपतो, दोन घास खातो, घरच्यांशी बोलतो. त्यासाठी घरातल्या एका माणसाने जबाबदारी घ्यावी : तारीख लिहिणे, पोट साफ होते का विचारणे, शेक टाळणे, श्वासाकडे पाहणे आणि वापरलेली पट्टी दुमडून कुलपात ठेवणे. शंका आली तर पट्टी देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. जाग येत नसेल किंवा श्वास मंद असेल तर फोनवर विचारत न बसता १०८ ला बोलवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधाची मात्रा बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)